भाड्याच्या घरातील एसीची दुरुस्ती कोणी करायची?

आपला प्रश्न असा आहे. गोव्यात पर्वरी येथील एका बंगल्याचा पहिला मजला आपण अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर घेतला. करारात घर ‘अर्धसुसज्ज’ असल्याचा उल्लेख आहे, पण वस्तूंची यादी नाही. घर पाहिले तेव्हा दोन्ही खोल्यांत एसी होते. एप्रिलमध्ये त्यांपैकी एक गार हवा देईनासा झाला. मेकॅनिकने गॅस भरला, काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार झाला, आणि आता कॉइल सडली असून ती बदलावी लागेल असे तो सांगतो. घरमालक मस्कतला नोकरीला असतात आणि तळमजल्यावर राहणारे त्यांचे मेव्हणे सगळा व्यवहार पाहतात. ‘एसी ही आमच्याकडून दिलेली जादा सोय आहे, वापरला तुम्ही, दुरुस्तही तुम्हीच करा, नाही तर अनामत रकमेतून कापून घेऊ’ असे त्यांचे म्हणणे आहे. दुरुस्ती घरमालकावर बंधनकारक आहे का, तो खर्च भाड्यातून वळता करता येईल का, सब-मीटरवर ते प्रति युनिट सरसकट जो दर लावतात तो योग्य आहे का, आणि स्वतःचा एसी बसवल्यास जाताना नेता येईल का, असे चार मुद्दे आपण विचारले आहेत.

भाड्याच्या घरात एसी पुरवलाच पाहिजे असे कोणताही कायदा घरमालकाला सांगत नाही. मात्र एसी दाखवून, त्याचा हिशेब भाड्यात धरून घर दिले असेल, तर तो एसी भाड्याच्या मोबदल्यात मिळालेल्या वस्तूंपैकी एक ठरतो, आणि ‘जादा सोय’ म्हणून घरमालकाला त्यातून सहज अंग काढून घेता येत नाही. खर्च कोणाचा हे यापुढे दोनच गोष्टींवर ठरते: करारात काय लिहिले आहे आणि बिघाड कशामुळे झाला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तंट्यांत पहिल्या गोष्टीबद्दल कागद गप्प असतो आणि दुसऱ्या गोष्टीची चौकशी कोणी केलेलीच नसते.

कायद्याची चौकट आधी पाहू. गोव्यात घरभाड्यासाठी 1968 चा इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे, पण त्याचा रोख मुख्यतः भाड्याची रक्कम आणि भाडेकरूला बाहेर काढण्याची कारणे यांवर आहे. खोलीतील यंत्रे कोणी सांभाळायची याचे उत्तर त्यात शोधू नये. (मुंडकार कायद्याचा येथे संबंध नाही. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, यांचे नाते वेगळे आहे, तरीही दोन्ही कायद्यांची गल्लत करणारी पत्रे अधूनमधून येतातच.) त्यानंतर येतो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्याच्या कलम 108 मध्ये भाडेपट्टा देणारा व घेणारा यांचे परस्पर हक्क व कर्तव्ये दिली आहेत, आणि करार किंवा स्थानिक रूढी विरुद्ध नसेल तरच ती लागू होतात असे त्याच कलमाच्या सुरुवातीला म्हटले आहे.

या कलमाचे खंड ‘फ’ अनेक जण अर्धवट वाचतात. जी दुरुस्ती करण्यास घरमालक बांधील आहे, ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो, असे ते खंड सांगते. यातील ‘बांधील आहे’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. बंधन आधीच अस्तित्वात असेल तर ते न पाळल्यावर काय करायचे एवढेच हे खंड सांगते. नवे बंधन त्यातून जन्माला येत नाही. ते करारातून, निदान कराराच्या वेळी झालेल्या लेखी देवाणघेवाणीतून, दाखवावे लागते.

आपल्या करारावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहिलेले असल्यामुळे आणखी एक पेच आहे. कलम 108 भाडेपट्ट्याला लागू आहे, परवान्याला, म्हणजे लायसन्सला, नाही. तथापि दस्तऐवजाला पक्षांनी काय नाव दिले यापेक्षा त्याचे प्रत्यक्ष स्वरूप काय आहे, विशेषतः राहणाऱ्याला जागेचा अनन्य ताबा दिला आहे का, हे न्यायालय पाहते. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या 1959 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मांडले आणि तेव्हापासून ते स्थिर आहे. स्वतंत्र जिना, स्वतंत्र कुलूप आणि मालकाकडे किल्ली नाही, असे आपले घर असेल तर भाडेपट्ट्याचा युक्तिवाद करण्यास जागा आहे. एका एसीसाठी हा वाद न्यायालयात नेण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, कारण आपले काम करार कायद्याच्या आधारेही होऊ शकते.

एसी भिंतीला खिळलेला असला तरी तो काढून नेता येतो, आणि म्हणून तो घराबरोबर वापरायला दिलेली जंगम वस्तू आहे असे मांडता येते. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना, आपण तशीच वस्तू स्वतःची असती तर सामान्य शहाणपणाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घ्यावी, असे भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 151 सांगते. तेवढी काळजी घेतली असल्यास, वेगळा करार नसताना, वस्तू नष्ट झाली किंवा खराब झाली तरी ती जबाबदारी ताबेदारावर येत नाही, असे कलम 152 सांगते. मेव्हण्यांच्या ‘वापरला तुम्ही, दुरुस्तही तुम्हीच करा’ या वाक्याला हे थेट उत्तर आहे, कारण नुसता वापर म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

यादी नसल्यामुळे ‘अर्धसुसज्ज’ या मोघम शब्दात एसी येतो का, हा प्रश्न उरतो. येथे घराची जाहिरात, दलालाने पाठवलेली छायाचित्रे आणि भाडे ठरताना झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश उपयोगी पडतात. ‘दोन एसीसह’ असे कोठेही लिहिलेले सापडले तर ते जपून ठेवा आणि मूळ फोन बदलू नका, कारण प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आता बिघाडाच्या कारणाकडे वळू, कारण गोव्यात खरा वाद येथेच असतो. एसीतील गॅस बंद नळ्यांमधून फिरतो. वापराने तो संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. पहिल्या मेकॅनिकने नेमके तेच केलेले दिसते. नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबाने भरून आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून छिद्र कोठे आहे ते पाहता येते. ही तपासणी करून घ्या. छिद्र इनडोअर युनिटच्या कॉइलमध्ये आहे, आउटडोअर युनिटच्या कॉइलमध्ये आहे की दोहोंना जोडणाऱ्या नळीच्या फ्लेअर जोडात (नळीचे टोक पसरवून नटने आवळलेल्या जोडात) आहे, हे मेकॅनिककडून त्याच्या बिलावरच लिहून घ्या आणि छायाचित्रही ठेवा. तोंडी ‘कॉइल सडली’ याला पुरावा म्हणून किंमत नाही.

छिद्राची जागा महत्त्वाची का, हे सांगतो. आपल्या किनारपट्टीवर खारा वारा आणि दमट हवा मिळून आउटडोअर युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पात्या आणि तांब्याच्या नळ्या खातात. कांदोळी, कळंगूट किंवा करंजाळे येथे समुद्राकडे तोंड करून लावलेले युनिट, पात्यांवर संरक्षक लेप नसेल तर, काही वर्षांतच भुसभुशीत होते. पर्वरी पठारावर असली तरी मांडवीचे मुख आणि समुद्र तिथून दूर नाहीत. अशा झिजेला भाडेकरूचा हात लागलेला नसतो. ती काळाची आणि हवेची झीज आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 108 चे खंड ‘म’ भाडेकरूला घर चांगल्या स्थितीत परत करायला सांगतानाच वाजवी झीज स्पष्टपणे वगळते. इनडोअर कॉइलची गोष्ट थोडी वेगळी आहे. नव्या प्लायवूडच्या कपाटांतून व चिकटद्रव्यांतून निघणारी आम्लयुक्त वाफ दमट खोलीत कोंडली की तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी बारीक छिद्रे पडतात. कपाटे मालकाने करून घेतली असतील तर तोही दोष आपला नाही. फ्लेअर जोडातील गळती बहुधा बसवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे होते. याउलट पाती टोकदार हत्याराने खरवडलेली असेल, भिंतीत खिळा मारताना नळीला भोक पडले असेल, किंवा जाळ्या वर्षभर धुतल्या नसल्यामुळे कॉइलवर बर्फ जमून कॉम्प्रेसर गेला असेल, तर खर्च भाडेकरूचा हे मान्य करावे लागेल.

सर्व्हिसिंगबाबत करार गप्प असेल तर मी साधारण अशी विभागणी सुचवतो: जाळ्या धुणे आणि नेहमीचे सर्व्हिसिंग राहणाऱ्याने करावे, तर कॉइल, कॉम्प्रेसर, पीसीबी (एसीचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) आणि गळती यांचा खर्च मालकाने उचलावा. गोव्यात हे सर्व्हिसिंग पाऊस संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा असे दोनदा झाले पाहिजे, कारण चार महिन्यांच्या दमट हवेत ड्रेनच्या नळीत शेवाळ आणि कॉइलवर बुरशी धरते. याची बिले असतील तर आपली बाजू निम्म्याहून अधिक भक्कम आहे. नसतील तर मेव्हण्यांना बोलण्यास जागा मिळते.

पीसीबी जळाल्यास वाद अवघड होतो. पावसाळी विजा आणि विद्युतदाबातील चढउतार यांत कोणाचाच दोष नसतो. मालकाने स्टॅबिलायझर दिला होता का आणि भाडेकरूने तो काढून ठेवला होता का, यावर बरेच अवलंबून असते.

एक सावधगिरी. साळगाव-आसगावकडच्या जुन्या कौलारू घरांत छताला तक्तपोशी किंवा फॉल्स सीलिंग नसताना एसी बसवलेला असतो. गार हवा मंगळुरी कौलांच्या फटींतून निघून जाते, यंत्र अखंड चालत राहते, आणि भाडेकरू ते बिघडल्याची तक्रार करतो. तेथे यंत्र ठीक असते, खोली अयोग्य असते. आपल्या घराला स्लॅब असल्यास हा प्रश्न नाही.

केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याचा हवाला अलीकडे दोन्ही बाजू देतात. तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कोणाला बांधत नाही. शिवाय भाडेकरूंना वाटते तितका तो त्यांच्या बाजूचा नाही. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे, वेगळे ठरले नसल्यास, आतील-बाहेरील वायरिंग आणि घराच्या रचनेची दुरुस्ती मालकाकडे येते, पण गीझर, स्विच, सॉकेट आणि विद्युत उपकरणांची दुरुस्ती व बदल भाडेकरूकडे येतात. मालकाने तोडू नयेत अशा अत्यावश्यक सेवांच्या यादीत पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आहेत, एसी नाही. तेव्हा हा नमुना उगाळत बसलात तर मेव्हण्यांच्या हाती आयते शस्त्र द्याल.

वायरिंगवर मात्र आग्रह धरा, मग एसी कोणाचाही असो. दीड टनाचा एसी पूर्ण भारावर सुमारे दीड किलोवॉट वीज घेतो. दोन एसी, गीझर आणि इंडक्शन शेगडी एकदम चालू असताना जुन्या बंगल्याची वायर तापते. एसीसाठी मुख्य फलकापासून वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाल्यास आपोआप पडणारा स्विच), 16 अँपिअरचा सॉकेट आणि चालू स्थितीतील अर्थिंग हे सर्व घराचे अंग आहे, आणि त्यातील दोष लपवून घर देणे घरमालकाला महाग पडू शकते. कलम 108 चे पहिलेच खंड त्याला माहीत असलेला आणि भाडेकरूला सहज न दिसणारा दोष उघड करायला सांगते. मंजूर भार वाढवायचा असल्यास वीज खात्याकडे अर्ज ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यालाच करावा लागतो, म्हणून ते कामही मालकाचे. प्लग काळा पडला असेल किंवा एसी लागताच दिवे मंदावत असतील, तर दुरुस्तीचा वाद मिटेपर्यंत तो चालवू नका.

सब-मीटरच्या दराबद्दल. गोव्यात घरगुती विजेचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते टप्प्याटप्प्याने चढतात: 100 युनिटांपर्यंत एक, त्यावर 200, 300, 400 पर्यंत वेगवेगळे, आणि 400 च्या पुढे सर्वांत जास्त. घरमालकाकडे वीज विकण्याचा परवाना नसतो. खात्याच्या बिलातील आपला वाटा वसूल करणे एवढेच त्याला शोभते. म्हणून दरमहा मूळ बिल दाखवून, एकूण रक्कम दोन्ही मजल्यांच्या युनिटांच्या प्रमाणात वाटावी, अशी लेखी मागणी करा. यात एक अडचण उरतेच. रात्रीचे आठ तास एक इन्व्हर्टर एसी चालवला तर सहा-सात युनिटे सहज पडतात, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास. दोन्ही मजले एकाच मुख्य मीटरवर असल्याने आपल्या एसीमुळे तळमजलाही वरच्या टप्प्यात ढकलला जातो आणि त्यांच्या एसीमुळे आपणही. मेव्हण्यांची कुरकुर बहुधा येथूनच सुरू होते, आणि ती अगदीच निराधार नाही. पहिल्या मजल्यासाठी स्वतंत्र मीटर घेणे हाच यावरचा नीट उपाय. मालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीजजोडणी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या एका निकालात म्हटले आहे, आणि त्याच निकालात विजेला मूलभूत सोय मानले आहे. एसीच्या भांडणात कोणी घराची वीजच तोडली, तर तो सर्वस्वी वेगळा आणि गंभीर प्रकार होतो. त्या दिवशी थेट वकिलाकडे जा.

भाड्यातून वजावट करण्याची घाई करू नका. भाडे थकवणे हे 1968 च्या कायद्याखाली निष्कासनाचे कारण आहे, आणि वजावटीचा आपला हक्क पुढे अमान्य झाला तर ती रक्कम थकबाकी ठरू शकते. आधी नोटीस द्या. ती मेव्हण्यांना देऊन भागणार नाही. त्यांच्याकडे मुखत्यारपत्र आहे का ते विचारा, आणि असले तरी नोटीस मालकाच्या करारातील पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि त्यांच्या ईमेलवरही पाठवा. मजकूर साधा असावा: घर अमुक तारखेला दोन चालू एसींसह ताब्यात मिळाले, अमुक तारखेच्या तपासणीत तमुक कॉइलमध्ये गंजामुळे गळती आढळली, अहवाल सोबत आहे, सर्व्हिसिंगची बिले सोबत आहेत, पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, न केल्यास सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे दुरुस्ती करून तो खर्च पुढील भाड्यात समायोजित करण्यास आपली संमती आहे का, हे कळवावे. शेवटचे वाक्य प्रश्नरूपाने घालण्यामागे हेतू आहे. एका ओळीचे ‘ठीक आहे’ असे उत्तर आले तरी तेवढ्याने वजावटीला कराराचा आधार मिळतो, आणि परदेशात बसलेले मालक पुष्कळदा मेव्हण्यांपेक्षा समजूतदार निघतात. कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकी आहे का तेही याच पत्रात विचारा. मूळ खरेदीचे बिल त्यांच्याकडेच असणार, आणि दहा वर्षांपर्यंतची कॉम्प्रेसर वॉरंटी अनेक कंपन्या देतात, जरी कॉइलवर ती बहुधा कमी असते. यंत्र जुने असून त्यात आर-22 गॅस असेल तर कॉइल बदलण्याचा नाद सोडून नवा एसी घ्यावा असे सुचवा. हा गॅस मॉन्ट्रियल करारानुसार बंद होत चालला असून भारतात 2030 पर्यंत त्याचा वापर संपुष्टात यायचा आहे.

उत्तर आलेच नाही आणि उकाडा असह्य झाला, तर दुरुस्ती करून घ्या, पूर्ण भाडे ‘हक्क राखून’ भरत राहा आणि खर्चाची वेगळी मागणी करा. करार संपताना हिशेबात तो मुद्दा आणणे सोपे जाते.

अनामत रकमेतून कापण्याच्या धमकीने बिचकू नका. नुकसान झाल्याचे आणि ते आपल्यामुळे झाल्याचे मालकाला दाखवावे लागेल. करारात ‘एसी बिघडल्यास नव्याची किंमत भरावी’ असे कलम असले तरी करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे वाजवी नुकसानभरपाईच मिळते, आणि सहा-सात वर्षे वापरलेल्या यंत्राची भरपाई नव्या यंत्राच्या किमतीइतकी असू शकत नाही.

स्वतःचा एसी बसवायचा असेल तर कलम 108 चे खंड ‘ह’ आपल्या बाजूने आहे: ताबा असेपर्यंत भाडेकरू स्वतः लावलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो, घर जसे मिळाले तसे परत करण्याच्या अटीवर. तरीही ईमेलने परवानगी घ्या आणि त्यात यंत्र आपले असल्याचे, त्याच्या अनुक्रमांकासह, नोंदवा. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरते ठेवावे. तुळई किंवा खांबात कोअर कटिंग कदापि करू देऊ नये. ड्रेनचे पाणी तळमजल्याच्या खिडकीवर पडणार नाही असे पाहा, नाही तर मेव्हण्यांशी नवे भांडण उभे राहील. सोसायटीच्या इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीची परवानगी मालकामार्फत घ्यावी, कारण सभासद तो असतो. आणि पणजीच्या फोंतेनाशसारख्या वारसा क्षेत्रात दर्शनी भिंतीवर युनिट टांगण्यापूर्वी बांधकामाविषयीच्या परवानग्या तपासाव्यात. घर सोडताना यंत्र काढण्याआधी मेकॅनिककडून ‘पंप डाउन’ करून गॅस आउटडोअर युनिटमध्ये साठवून घ्या, भोक सिमेंटने बुजवून रंग लावून घ्या, आणि त्या भिंतीचे छायाचित्र काढून किल्लीच्या पावतीसोबत मालकाला पाठवा.